त्रैराशिक जेथे चुकते : प्राणी, शहरे आणि एका भौतिकशास्त्रज्ञाचा शोध

एखाद्या गावाची लोकसंख्या दुप्पट झाली, तर त्या गावाला किती रस्ते लागतील? विजेच्या किती तारा ओढाव्या लागतील? तेथील उत्पन्न किती वाढेल आणि गुन्हे किती वाढतील? अशा प्रश्नांची उत्तरे आपण सामान्यतः त्रैराशिकाने देतो. दरडोई प्रमाण काढावयाचे, त्याला लोकसंख्येने गुणावयाचे, की हिशेब पुरा झाला. माणसे दुप्पट, म्हणून सर्व काही दुप्पट. हा हिशेब सोपा आहे आणि सोयीचाही आहे. परंतु तो सर्वत्र खरा ठरतो काय?

जेफ्री वेस्ट या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध या प्रश्नाच्या अभ्यासात घालविला. चिचुंदरी आणि देवमासा, लहान नगर आणि महानगर यांचा आकार बदलला की त्यांच्या इतर गुणधर्मांत कोणत्या नियमाने बदल होतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. आकार वाढला की दरडोई वाटाच बदलतो, आणि त्याबरोबर जीवनाची गतीही बदलते, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. नगरांच्या वाढीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेण्याजोगा आहे.

जुना प्रश्न

आकाराचा हा प्रश्न विज्ञानाला नवा नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची मांडणी केली होती. एखाद्या प्राण्याची उंची, रुंदी आणि जाडी या तिन्ही दुप्पट केल्या, तर त्याचे वजन आठपट होते. परंतु ते वजन पेलणाऱ्या हाडाचा छेद मात्र चौपटच होतो. म्हणजे हाडावरील ताण दुपटीने वाढतो. त्यामुळे हरणाचे चित्र मोठे करून हत्ती बनविता येत नाही. हत्तीला पाय जाडच असावे लागतात.

पुढे १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी योग्य आकार या विषयावर एक निबंध लिहिला. खोल खाणीत पडलेला उंदीर थोडासा हादरून चालू लागतो, परंतु घोडा मात्र वाचत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. अशा रीतीने आकाराचे महत्त्व शास्त्रज्ञांना ठाऊक होते. प्रश्न होता तो त्यामागील सर्वसामान्य नियमाचा.

भौतिकीकडून जीवशास्त्राकडे

जेफ्री वेस्ट यांचा जन्म १९४० साली इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात झाला. केंब्रिज येथे पदवी घेतल्यावर ते अमेरिकेत गेले आणि १९६६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९७६ पासून लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत ते मूलकणांच्या भौतिकीवर संशोधन करीत होते. पदार्थाचा अतिसूक्ष्म घटक कोणता, आणि त्या घटकांना बांधून ठेवणारे बल कसे वागते, हा त्यांचा विषय. याच क्षेत्रासाठी अमेरिकेत टेक्सास राज्यात सुमारे ८७ किलोमीटर परिघाचा एक प्रचंड कणत्वरक उभारण्याचे काम सुरू झाले होते. वीस किलोमीटरहून अधिक बोगदा खोदून झाला होता आणि सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते. अशा वेळी, १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन काँग्रेसने ती योजनाच रद्द केली.

या निर्णयाने अनेक भौतिकशास्त्रज्ञांच्या भवितव्यावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. वेस्ट तेव्हा पन्नाशी ओलांडून पुढे गेले होते. त्यांच्या कुटुंबातील पुरुष फार काळ जगत नसत. स्वाभाविकच वार्धक्य आणि मृत्यू यांचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. माणसाचे आयुष्य सुमारे शंभर वर्षांच्या आतच का असते, ते हजार वर्षांचे किंवा दोनच वर्षांचे का नसते? हा आकडा ठरतो तरी कशावरून? जीवशास्त्राच्या ग्रंथांत याचे गणिती उत्तर त्यांना आढळले नाही. मात्र शोध घेता घेता ते एका जुन्या नियमापाशी येऊन पोहोचले.

क्लायबर यांचा नियम

प्रत्येक प्राणी विश्रांतीच्या अवस्थेतही काही ऊर्जा खर्च करीत असतो. या खर्चाच्या वेगाला चयापचयाचा वेग म्हणतात. वजन दुप्पट झाले तर हा वेगही दुप्पट व्हावा, असे त्रैराशिक सांगते. माक्स रुब्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ साली लहानमोठ्या कुत्र्यांवर प्रयोग करून असे दाखविले की, ऊर्जेचा खर्च वजनापेक्षा कमी प्रमाणात, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतो. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठात पशुपोषणाचा अभ्यास करणारे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली कबुतर, उंदीर, कुत्रा, मेंढी, माणूस, गाय अशा निरनिराळ्या प्राण्यांची मोजमापे एकत्र मांडली. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर १, १०, १००, १००० अशा दसपटीच्या पायऱ्या घेतल्या, तेव्हा हे सर्व प्राणी जवळजवळ एका सरळ रेषेवर आले. त्या रेषेचा चढ सुमारे तीन-चतुर्थांश होता.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २५ ग्रॅम वजनाचा एक लहान उंदीर आणि २५० किलो वजनाची एक गाय घेऊ. गायीचे वजन उंदराच्या १०,००० पट आहे. परंतु तिचा ऊर्जेचा खर्च मात्र सुमारे १,००० पटच असतो. म्हणजे उंदराच्या शरीराचा एक ग्रॅम भाग पोसण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या एक-दशांश ऊर्जेत गायीचा एक ग्रॅम भाग पोसला जातो. हृदयाच्या ठोक्यांचेही तसेच आहे. उंदराचे हृदय मिनिटास पाच-सहाशे वेळा पडते, तर गायीचे पन्नास-साठ वेळा. मोठा प्राणी काटकसरीने आणि संथपणे जगतो, लहान प्राणी उधळपट्टीने आणि घाईने जगतो.

आयुर्मानही याच नियमाने वाढत जाते. प्राण्याचे वजन वाढते तसतसे ठोके मंदावतात आणि जवळजवळ त्याच प्रमाणात आयुष्य लांबते. यामुळे एका आयुष्यात होणारे हृदयाचे एकूण ठोके बहुतेक सस्तन प्राण्यांत साधारण सारखेच, म्हणजे शंभर ते दीडशे कोटींच्या आसपास येतात. मिनिटास तीस ठोके आणि साठ-पासष्ट वर्षांचे आयुष्य असा हत्तीचा हिशेब केला, तर आकडा शंभर कोटींच्या जवळ येतो. मिनिटास हजारावर ठोके पडणारी चिमुकली चिचुंदरी तेवढेच ठोके एक-दोन वर्षांत संपवून टाकते. सत्तर वर्षे जगणारा माणूस मात्र सुमारे अडीचशे कोटी ठोके मिळवितो. हा अपवाद निसर्गाने दिलेला नसून स्वच्छता, औषधोपचार आणि सार्वजनिक आरोग्याच्या सोयी यांनी मिळवून दिलेला आहे, असे वेस्ट मानतात.

हा नियम विसरल्यास काय घडू शकते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६२ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात टस्को नावाच्या हत्तीला एल. एस. डी. हे द्रव्य टोचण्यात आले. मांजराला दर किलो वजनामागे जी मात्रा सहन होते, तिला हत्तीच्या वजनाने सरळ गुणून २९७ मिलिग्रॅम ही मात्रा ठरविण्यात आली होती. काही मिनिटांतच हत्ती कोसळला आणि दोन तासांच्या आत मरण पावला. त्याला शुद्धीवर आणण्यासाठी इतरही औषधे दिली गेली असल्यामुळे मृत्यूच्या नेमक्या कारणाविषयी पुढे मतभेद झाले. परंतु मात्रेचा हिशेब चुकीचा होता, याविषयी शंका नाही. चयापचयाच्या प्रमाणात हिशेब केला असता, तर मात्रा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच ठरली असती.

तीन-चतुर्थांशाचा उगम

क्लायबर यांचा नियम पुढील काळात सूक्ष्म जीवांपासून देवमाशापर्यंत अनेक सजीवांना लावून पाहण्यात आला. परंतु हा घातांक तीन-चतुर्थांशच का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. न्यू मेक्सिको विद्यापीठातील पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स ब्राउन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रायन एन्क्विस्ट हेही याच प्रश्नाने पछाडलेले होते. मात्र त्यांना गणित जाणणाऱ्या सहकाऱ्याची गरज होती. १९८४ साली स्थापन झालेल्या सांता फे संस्थेने या तिघांची गाठ घालून दिली. दर आठवड्यास भेटून, दीर्घकाळ चर्चा करून त्यांनी जो सिद्धांत सिद्ध केला, तो १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा सिद्धांत समजण्यासाठी पाटबंधाऱ्याच्या व्यवस्थेची उपमा उपयोगी पडेल. धरणातून मुख्य कालवा निघतो. त्याला शाखा फुटतात, शाखांना वितरिका आणि वितरिकांना शेतचाऱ्या. लाभक्षेत्र लहान असो वा मोठे, शेवटची शेतचारी मात्र सर्वत्र साधारण एकाच आकाराची असते. शरीरातील रक्तवाहिन्यांचे जाळेही असेच आहे. या जाळ्याविषयी तिघांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या. पहिली अशी की, हे जाळे शरीराच्या प्रत्येक भागापर्यंत पोहोचले पाहिजे. दुसरी अशी की, त्याचे अखेरचे टोक असलेल्या केशवाहिन्या चिचुंदरीत आणि देवमाशात जवळजवळ सारख्याच असतात. तिसरी अशी की, रक्त खेळविण्यासाठी हृदयाला कमीत कमी ऊर्जा खर्च करावी लागेल, अशीच या जाळ्याची रचना उत्क्रांतीच्या ओघात घडत आली आहे. या तीन गृहीतांवरून गणिताने तीन-चतुर्थांश हा आकडा निघतो. त्यातील तीन हा आकडा अवकाशाच्या तीन मितींचा, आणि चार हा तीन अधिक एक असा आहे. फांद्या-उपफांद्यांनी सर्व जागा व्यापणारे हे जाळे जणू एक अधिक मिती असल्यासारखे वागते.

याच सिद्धांतावरून वाढ का थांबते, हेही उलगडते. पेशींची संख्या दुप्पट झाली, तर त्यांच्या पोषणाची गरज दुप्पट होते, परंतु जाळ्यातून होणारा पुरवठा मात्र सुमारे १.६८ पटच वाढतो. लहानपणी पुरवठा गरजेपेक्षा अधिक असतो आणि त्या शिलकीतून नवे शरीर घडते. पुढे गरज पुरवठ्याला गाठते, शिल्लक संपते आणि वाढ थांबते. प्राणी मोठा होऊन एका ठरावीक आकारास स्थिरावतो, तो या जमाखर्चामुळे.

शहरांचा हिशेब

शहरालाही रस्ते, जलवाहिन्या आणि विजेच्या तारा यांचे जाळे असते. मग शहर हाही एक मोठा प्राणीच मानावा काय? सांता फे संस्थेत, जिचे वेस्ट २००५ ते २००९ या काळात अध्यक्ष होते, हा प्रश्न हाती घेण्यात आला. लुईस बेटेनकोर्ट, होसे लोबो, डिर्क हेल्बिंग, क्रिस्टियन क्यूनर्ट आणि वेस्ट यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिका, जर्मनी, चीन इत्यादी देशांतील शहरांची आकडेवारी त्यांनी तपासली होती. तीत शहरातील गोष्टींचे तीन वर्ग पडले.

पहिला वर्ग व्यक्तीच्या मूलभूत गरजांचा. घरे, नोकऱ्या आणि घरगुती पाणी यांचे प्रमाण लोकसंख्येबरोबर सरळ वाढते. येथे त्रैराशिक बरोबर ठरते.

दुसरा वर्ग जाळ्यांचा. येथे मोठे शहर प्राण्याप्रमाणेच काटकसर करते. एक लाख वस्तीच्या नगराशी दहा लाख वस्तीच्या शहराची तुलना करू. जर्मनीतील घातांकानुसार दसपट वस्तीच्या शहराला रस्त्यांचे क्षेत्र सुमारे पावणेसात पट आणि विजेच्या तारा सुमारे साडेसात पट लागतात. अमेरिकेतील आकड्यांनुसार पेट्रोल पंप सुमारे सहापटच लागतात.

तिसरा वर्ग मात्र प्राणिसृष्टीत न आढळणारा आहे. माणसामाणसांच्या संबंधांतून जे निर्माण होते, ते लोकसंख्येपेक्षा अधिक वेगाने वाढते. अमेरिकेतील शहरांत वस्ती दसपट झाली, तर एकूण वेतन सुमारे तेरापट आणि नव्या शोधांचे एकस्वाधिकार सुमारे साडेअठरा पट आढळतात. परंतु त्याच नियमाने गंभीर गुन्हे सुमारे साडेचौदा पट आणि एड्सचे नवे रुग्ण सुमारे सतरा पट आढळले. या सर्वांचे घातांक सरासरीने १.१५ च्या आसपास येतात. म्हणजे वस्ती दुप्पट झाली की दरडोई प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी वाढते.

याचे कारण माणसांच्या गाठीभेटींत आहे. मोठ्या शहरात एका माणसाचा अधिक माणसांशी संबंध येतो. पोर्तुगाल आणि ब्रिटन येथील दूरध्वनी-संभाषणांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. शहर जितके मोठे, तितके त्यातील माणसाचे संपर्क अधिक, असेच त्यातही दिसून आले. या संपर्कांतूनच कल्पना, व्यापार आणि कौशल्य पसरते, आणि त्यांतूनच रोग आणि गुन्हेगारीही पसरते. शहराची समृद्धी आणि शहराची व्यथा यांचे मूळ अशा रीतीने एकच आहे.

थांबणारी वाढ आणि धावणारी वाढ

प्राणी मोठा झाला की त्याची गती मंदावते. शहराचे नेमके उलट आहे. मोठ्या शहरातील माणसे चालतातदेखील अधिक वेगाने, हे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील शहरांत मोजून दाखविण्यात आले होते. तसेच प्राण्याच्या शरीरात पुरवठा मागे पडतो म्हणून वाढ थांबते, तर शहरात उत्पन्न वस्तीपेक्षा पुढे धावते म्हणून वाढ थांबतच नाही.

परंतु येथेच धोका आहे. गणित असे सांगते की, अशी वाढ काही मर्यादित काळात अशा टोकाला पोहोचते, की तिला लागणारी साधने अपुरी पडू लागतात. त्यापूर्वी एखादा मोठा शोध लागला, तर घड्याळ पुन्हा प्रारंभापासून चालू होते. लोखंड, कोळसा, वीज, संगणक हे असे शोध होत. मात्र प्रत्येक वेळी पुढचा शोध अधिक लवकर लागावा लागतो. असे शोध अधिकाधिक घाईने लावीत राहणे मानवसमाजाला कोठवर साधेल, हा वेस्ट यांनी उपस्थित केलेला प्रश्न अनुत्तरित आहे. व्यापारी कंपन्यांचे आयुष्य मात्र शहरासारखे चिरंतन नसते. अमेरिकेतील पंचवीस हजारांहून अधिक सार्वजनिक कंपन्यांच्या अभ्यासात त्यांचे अर्धायुष्य दहा वर्षांच्या आसपास आढळले. शहरे मात्र युद्धे आणि भूकंप यांतूनही उभी राहतात.

आक्षेप आणि मर्यादा

या सिद्धांतांवर आक्षेपही घेतले गेले आहेत, हे सांगितले पाहिजे. चयापचयाचा घातांक तीन-चतुर्थांश नसून रुब्नर यांच्या मताप्रमाणे दोन-तृतीयांशाच्या जवळचा आहे, असे काही जीवशास्त्रज्ञ म्हणतात. आलेखातील रेषा सरळ नसून किंचित वक्र आहे, असेही दाखविण्यात आले आहे. शहरांच्या बाबतीत शहराची हद्द कोठे संपते, हा प्रश्न कठीण आहे. इंग्लंड आणि वेल्समधील शहरांविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हद्द बदलली की काही घातांकही बदलतात, असे आढळून आले. शिवाय हे नियम सरासरीचे आहेत. प्रत्येक शहर आपल्या इतिहासाने आणि कारभाराने या रेषेच्या वर किंवा खाली असते. वेस्ट यांच्या मते हीच गोष्ट उपयोगाची आहे. आकारामुळे जे आपोआप मिळते ते बाजूला काढले, म्हणजे शहराच्या कारभाराचे खरे यश किंवा अपयश नजरेस येते.

अभ्यासाचा बोध

वेस्ट यांनी आपले विचार २०१७ साली ‘स्केल’ या ग्रंथात एकत्र केले. एक योजना रद्द झाल्यामुळे आपल्या विषयाबाहेर पडलेल्या या शास्त्रज्ञाने जीवशास्त्र, नगररचना आणि अर्थशास्त्र यांतील प्रश्न एकाच मोजपट्टीने मोजण्याचा प्रयत्न केला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ४५ टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहत होते. अशा राज्यातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. अमेरिकेतील किंवा जर्मनीतील घातांक जसेच्या तसे आपल्या शहरांना लावणे योग्य होणार नाही. ते येथील मोजमापांवरूनच ठरवावे लागतील. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, दोन शहरांची तुलना केवळ दरडोई आकड्यांनी करणे अपुरे आहे. कारण त्या आकड्यांत शहराच्या आकाराचाही वाटा असतो. दुसरी, वाढत्या शहराचे उत्पन्न पाहून संतोष मानताना त्याच वेगाने वाढणाऱ्या रोगांची आणि गुन्ह्यांची तयारीही त्याच वेळी केली पाहिजे. दवाखाना आणि पोलीस चौकी यांचा हिशेब केवळ त्रैराशिकाने केला, तर तो शहर वाढेल तसतसा अपुराच पडत जाईल.